माझी आली का?

असूज १९

‘हिला तूच मोजत जा, बाकीची मोजायला नवरा आहे.’ लग्नात शेळीची दोरी माझ्या हातात देताना माझे बापू हे म्हणाले होते. तेवीस वर्षं झाली. ती शेळी केव्हाच गेली. तिची लेक, त्या लेकीची लेक असं करत आता लाखी आहे. अंगाचा रंग लाखेसारखा, एक कान पांढरा. कळपात तीनशे जनावरं आहेत, पण माहेरची अशी माझी ती एकटीच. जेठात कळप खिंडीपलीकडे चरायला जातो आणि असूजात परत येतो, तेव्हा बाकीच्यांची मोजणी पुरुष करतात. मी फक्त एक मोजते.

मी शिकवते त्या बालवाडीच्या हजेरीच्या वहीत मागची पानं कोरी आहेत, त्यांवर हे लिहिते. मोठ्या बाईंनी विचारलं तर सांगेन की पोरांनी फाडली.

चार दिवसांपूर्वी कळप खिंड उतरून आला. धुकं इतकं होतं की अंगणातलं अक्रोडाचं झाडसुद्धा दिसत नव्हतं, नुसता कुत्र्यांचा आवाज येत होता. दरवर्षी माझा लेक मघरू वरच्या देवदारांपासूनच ओरडतो, ‘इज्जी, तुझी आली गं!’ मी पहिलं काय विचारणार हे त्याला ठाऊक असतं. या वेळी तो ओरडला नाही. मला वाटलं, वीस वर्षांचा झाला, लाजत असेल आता. मी ओसरीवरूनच हाक मारली, ‘माझी आली का?’

धुक्यातून मघरूच्या बापूंचा आवाज आला, ‘आली.’

मग ते दिसले. लाखी त्यांच्या खांद्यावर होती. त्यांनी तिला माझ्या पायाशी उतरवलं. त्यांच्यामागून आमचा गुराखी होशियारा आला. त्याच्यामागून कुत्री. मग कुणीच आलं नाही.

मी आधी शेळी विचारली. हे कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथं लिहिलं.

असूज २१

कुणीही विचारलं की मघरूचे बापू चार वाक्यं सांगतात. ‘खिंडीच्या माथ्यावर बर्फ सुरू झालं. एक मेंढी मागे राहिली होती. मी मघरूला तिच्यासाठी परत पाठवलं. तो आला नाही.’ प्रत्येकाला हीच चार, याच क्रमानं, बालवाडीतलं पोर पाठ केलेली कविता म्हणतं तशी.

मी विचारलं, ‘कुठली मेंढी?’

‘मेंढी. मेंढीच होती एक.’

तीनशे जनावरांची तोंडं ओळखणारा माणूस. कुठली कुणाची लेक, कुणाच्या खुराला काय झालं होतं, सगळं सांगतो. आणि ज्या मेंढीपायी पोटचं पोर बर्फात पाठवलं, ती कुठली ते आठवत नाही. डोकं ठिकाणावर नाही त्यांचं. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं काळी पडली आहेत.

मी म्हटलं, ‘त्याला कशाला पाठवलंत? तुम्ही जायचं होतंत.’

ते म्हणाले, ‘हो.’

त्यानंतर मी त्यांच्याशी बोललेले नाही.

असूज २६

गावातले नऊ पुरुष वर जाऊन आले. माथ्याच्या खालीच कमरेएवढं बर्फ आहे. आता खिंड जेठाशिवाय उघडणार नाही. थोरल्या जाऊबाईंचा मुलगा म्हणाला, ‘काकी, तो पलीकडच्या अंगाला उतरला असेल. लाहुलात कुणाच्या तरी घरी शेकत बसला असेल. तिकडच्या लोकांना पाहुणा लागतोच हिवाळ्यात, नाहीतर बोलणार कुणाशी?’

मला हे पटलं. मघरू असाच आहे. जिथं जाईल तिथं चुलीजवळची जागा पटकावतो. तिकडच्या शाळेच्या मास्तरांना पत्र लिहिलं आणि बसच्या कंडक्टरकडे दिलं. मोठ्या रस्त्यानं फिरून जाईल. कधी पोचेल कोण जाणे.

लाखी पुढचा डावा पाय टेकत नाही. पायाला काळ्या लोकरीची दोरी पट्टीसारखी घट्ट गुंडाळली आहे. गाठ छान बसली आहे, सूज उतरते आहे. काही झालं तरी मघरूच्या बापूंचा जनावरांवरचा हात चांगला आहे.

काती ४

घरात दोघं असलो की मी लाखीशी बोलते. ‘लाखी, भाकरी चुलीपाशी ठेवली आहे म्हणावं.’ ‘लाखी, कंपाउंडरनं दिलेल्या गोळ्या संपल्या का विचार.’ ते उठून मुकाट्यानं भाकरी घेतात. आज जाऊबाईंनी हे ऐकलं. रुक्मोजाऊ विधवा आहेत, शेजारच्या खोलीत राहतात आणि भिंतीला कान नसला तरी त्यांना आहे.

‘निहालो, त्या बिचारीला निरोप वाहायला लावून लावून दमवशील. आधीच लंगडी.’

‘मग तुम्ही सांगा त्यांना.’

‘मी का सांगू? माझा नवरा होता तेव्हा मी त्याच्याशी इतकी भांडले, की मेला तेव्हा बोलायचं काही शिल्लक नव्हतं. तूही भांड. हे न बोलणं म्हणजे दूध न काढणं आहे, सड सुजतात.’

असं बोलतात त्या. मग रडतात. मघरूचा जन्म त्यांच्याच हातांवर झाला होता.

काती १९

आज गावचा चेला घरी आला होता, ज्याच्या अंगात देव येतो तो. हुकमी त्याचं नाव, आता म्हातारा झाला आहे. अंगात येण्याआधी दोनदा लघवीला जाऊन येतो आणि पोरं हसतात. पण एकदा अंगात आलं की आवाज त्याचा राहत नाही.

त्याला मी बोलावलं नव्हतं, जाऊबाईंनी बोलावलं. मघरूच्या बापूंचा ताप उतरत नाही. जेवण जात नाही. चुलीला खेटून बसले तरी दात वाजतात. कंपाउंडरनं छाती तपासली आणि म्हणाला, छातीत काही नाही.

चेला मान हलवत हलवत थांबला आणि त्यांच्या पाठीकडे बघून म्हणाला, ‘पोरगं याच्या पाठीवर बसलं आहे. थंडी वाजते त्याला. जागा मागतंय.’

जाऊबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘लग्न नाही, लेकरू नाही. असा गेलेला औतर होतो, निहालो. त्याला पाण्यापाशी दगडात बसवायचं असतं. नाहीतर तो घरातल्या माणसाला धरतो.’

‘गेलेला’ हा शब्द कुणी माझ्यासमोर पहिल्यांदा उच्चारला. मी उठून बाहेर गेले. ओसरीवरून सगळं ऐकू येत होतं. चेला रीत सांगत होता. दगडावर त्याची आकृती कोरून झऱ्यावर बसवायची. एक जनावर द्यायचं. आईनं तिच्या हातच्या लोकरीचा अंगात घालायचा नवा चोला आणि कमरेला गुंडाळायचा नवा डोरा करायचा आणि ज्याला त्यानं धरलं आहे त्यानं तो घालायचा. मग तो चोला जन्मभर त्याचा. गाव त्याला बघेल तेव्हा पोराला बघेल.

मघरूचे बापू म्हणाले, ‘घालतो.’ लगेच. कुणी पाणी देऊ का विचारावं आणि ‘दे’ म्हणावं तसं. ‘बसू दे त्याला माझ्यावर.’

मी मनात म्हटलं, किती घाई. पोराला मेलेला ठरवायची किती घाई.

काती २०

चेल्यानं मुदत बैसाखीची दिली आहे. पुढच्या महिन्यात देव खाली जातात. देव घरी नसताना कुणालाही बसवता येत नाही. म्हणजे पाच महिने मिळाले. पाच महिन्यांत पत्राचं उत्तर येईल.

कालपासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. जेठात कळप निघाला तेव्हा मघरू लाखीचा कान धरून म्हणाला होता, ‘इज्जी, ही म्हातारी झाली. या वर्षी तिकडेच विकून टाकू?’ मी म्हटलं, ‘विकून तर बघ. लाखीशिवाय आलास तर दार उघडणार नाही.’ तो हसला. चोल्याच्या ओटीत त्यानं एक कोकरू घातलं होतं, त्याचं डोकं बाहेर आलं होतं आणि तेही माझ्याकडे बघत होतं. तेच त्याचं शेवटचं हसणं माझ्याकडे आहे. म्हणून लिहून ठेवलं.

मघर १

वरच्या देवळाचं दार बंद झालं. पुजाऱ्यानं मूर्तीसमोर पाण्यानं भरलेला कलश ठेवला. बैसाखीला दार उघडेल तेव्हा त्यात पाणी किती उरलं ते बघून साल कसं जाणार ते कळतं. मी इतकी वर्षं हात जोडून उभी राहिले आहे. आज प्रथमच वाटलं, देवानंसुद्धा हिवाळ्यात इथं राहायचं नाही आणि माझ्या पोरानं तिथं वर राहायचं?

मघर १२

गाव रिकामं झालं. घराघराला कुलूप लावून सगळे कांगड्याला उतरले. कळप होशियारा आणि पुतण्या घेऊन गेले. मघरूच्या बापूंना चालवत नाही, म्हणून आम्ही थांबलो. जाऊबाई आमच्यासाठी थांबल्या. ‘खाली जाऊन काय करू? तिथल्या बायका मला माझ्या गुडघ्यांबद्दल विचारतात. तुमच्या घरात निदान दुसरं काही दुखतं आहे.’

निघताना होशियारा लाखीजवळ गेला. तिच्या मानेवरून हात फिरवत मला म्हणाला, ‘वहिनी, हिला जपा. हिच्यासाठी...’

‘होशियारा!’ मघरूचे बापू दारातून म्हणाले. ‘बसला उशीर होतोय.’

कुठल्या गाडीत बसायचं होतं त्याला? तो तर पायी निघाला होता. तापात असंबद्ध बोलतात ते.

लाखीच्या पायाची दोरी सोडली. पाय बरा आहे. दोरी कोनाड्यात टाकली.

पोह ८

बर्फ. तीन दिवस दार अर्धंच उघडतं.

चोल्यासाठी लोकर काढली. पांढरी, या वर्षीच्या कातरणीची, सगळ्यात मऊ. टकळी घेऊन खिडकीपाशी बसते. दुपारपर्यंत सूत निघतं. मग मी ते बघते. कुठं जाड, कुठं बारीक वाटतं. असलं सूत मघरूच्या अंगाला? मग उलगडते आणि पुन्हा पिंजते.

जाऊबाईंनी चार दिवस बघितलं. आज म्हणाल्या, ‘उंदीर सूत कुरतडतात ते ऐकलं होतं. हल्ली पिंजून पण ठेवतात का?’

‘नीट येत नाहीये.’

‘तू गावात सगळ्यात चांगलं कातणारी. तुला नीट येत नाहीये?’

‘चोला म्हणजे शिवानं दिलेलं वस्त्र, तुम्हीच सांगता. घाईनं करायची गोष्ट आहे का?’

 त्यांनी चुलीत लाकूड सरकवलं आणि माझ्याशी नाही, विस्तवाशी बोलावं तसं म्हणाल्या, ‘लाहोर उजाड झालं तेव्हा आपली माणसं पळून या डोंगरांत आली म्हणतात. पाठीवर पोरं, कडेला पोरं. वाटेत किती राहिली असतील. त्यांच्याही आया होत्याच ना. कुठल्या कुठल्या झऱ्यांवर बसवली असतील त्यांनी आपली पोरं, आणि मग पुढं चालल्या. पुढं चालल्या म्हणून आपण आहोत.’

मघरूचे बापू कोपऱ्यात झोपले होते. निदान डोळे मिटलेले होते.

पोह २२

त्यांचा ताप वाढला. जाऊबाईंच्या सांगण्यावरून त्यांच्या कमरेचा डोरा मी सोडला. काळ्या लोकरीचा हा दोर आमचे पुरुष झोपेतही सोडत नाहीत, त्यांना उघडं वाटतं. सोडता सोडता दोन्ही हात भरून गेले. अखंड आहे, कुठं कापलेला नाही, तसूभरही कमी नाही. मीच वळला होता, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात.

किती बारीक झाले आहेत. डोऱ्याशिवाय कमर एखाद्या पोराची वाटते.

ते पुटपुटत होते. ‘परत ये. टाक तिला. परत ये.’ पुन्हा पुन्हा तेच.

आता परत ये म्हणतात. तेव्हा जा म्हणाले ना?

माघ १४

टपालवाला बर्फातून दोन दिवस चालत आला. मास्तरांच्या पत्रावर मघरातली तारीख आहे. अक्षर सुंदर आहे. त्यांनी तिन्ही गावांत विचारलं. असूजाच्या त्या वादळानंतर खिंडीकडून कुणीही खाली आलेलं नाही. ‘आपल्या दुःखात सहभागी आहे,’ असं लिहिलं आहे. मी त्यांना माझ्या दुःखाबद्दल काही लिहिलं नव्हतं. फक्त मुलगा तिकडे आहे का, एवढंच विचारलं होतं.

माघ १५

काही नाही.

माघ २०

आज कातलेलं सूत उलगडलं नाही.

फागुण ६

माग लावला. चेला म्हणाला होता, चोला ज्याचा त्याच्याच मापाचा हवा. घालणाऱ्याच्या मापाचा नाही. मघरूचं माप मी कधी लिहून ठेवलं नव्हतं. माझ्या कपाळाच्या वर एक वीत, एवढा तो उंच. दारातून आत येताना वाकायचा, आणि दरवेळी डोकं आपटायचं ते आपटायचंच. मी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिले आणि वर हात नेला. तिथं लाकूड गुळगुळीत आणि तेलकट झालेलं आहे. त्याच्या डोक्यानं.

तिथून माप घेतलं.

मघरूचे बापू बघत होते. आमची नजरानजर झाली. ते पटकन उठले आणि काठी टेकत बाहेर बर्फात गेले. बराच वेळ आले नाहीत.

फागुण १७

लाखी व्याली. म्हातारपणचं एकच करडू, तिच्याच रंगाचं. थंडीनं मरेल म्हणून मघरूच्या बापूंनी उचलून चोल्याच्या ओटीत घातलं. तिथंच फिरवत असतात. ते जेवतात तेव्हा ते त्यांच्या दाढीचे केस खातं. जाऊबाई म्हणाल्या, ‘चला, घरात कुणीतरी याला तोंड लावलं.’ पाच महिन्यांत पहिल्यांदा ते हसल्यासारखे झाले, आणि मला त्यांचा इतका राग आला की मी हातातली थाळी आपटली.

आज लाखीवरूनच आवाज झाला. विधीला जनावर लागतं. कळप तर खाली आहे. जाऊबाई सहज म्हणाल्या, ‘लाखीचं वय झालं आहे. करडू जरा उभं राहिलं की तिलाच द्यावं. आईच्या हातची, मघरूलाही आवडेल.’ मी हो म्हणणारच होते. माझी आहे, मीच देऊ शकते. एवढं तरी माझ्याकडून.

‘तिला हात लावायचा नाही!’

सबंध हिवाळ्यात मघरूच्या बापूंचा असा आवाज ऐकला नव्हता. करडू घाबरून ओरडलं. ‘दुसरं कुठलंही द्या. दहा द्या. तिला कुणी हात लावला तर मी विधीला बसणार नाही.’

एका शेळीची एवढी माया. पोराच्या वेळी कुठं होती?

हे मी लाखीकडे बघून, मोठ्यानं म्हटलं. त्यांनी ऐकलं. मान खाली घातली. 

चैत ५

चोला झाला. पांढरा, गुडघ्यापर्यंत, ओटी खोल. घडी करून पेटीवर ठेवला आहे. मी त्या खोलीत कमीच जाते.

आता फक्त डोरा राहिला.

चैत ९

आधी हे लिहून घेते. 

डोऱ्यासाठी काळी लोकर थोडी कमी पडत होती. कोनाड्यात लाखीच्या पायाची दोरी होती ती आठवली. हातभर तर होती, उकलली तर लोकर वापरता येईल. पीळ सोडायला लागले. तीन पदर काळे निघाले. मधे एक बारीक पदर लाल.

मघरूच्या डोऱ्यात मी लाल पदर घातला होता. पहिल्यांदा खिंड चढणार होता तो, अकरा वर्षांचा. दृष्ट लागू नये म्हणून मधोमध, बाहेरून दिसणार नाही असा. माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. त्याच्या बापूंनाही नाही.

त्यांचा डोरा अखंड होता. मीच सोडला होता, मीच हातावर घेतला होता.

लाखीचा पाय मघरूनं बांधला.

चैत १०

म्हणजे मघरू परत आला होता का कळपापाशी? मग गेला कुठं? एखाद्या मेंढीसाठी पुन्हा गेला? की लाखी त्या मेंढीच्या सोबत मागे राहिली होती आणि त्याला दोघी सापडल्या? मग मेंढी कुठं आहे?

विचारायला एकच माणूस घरात आहे आणि त्याला विचारलं तर तो चार वाक्यं सांगेल.

चैत २१

कडेकडेचं बर्फ वितळतं आहे. पाथरवटानं खालून दगड आणला. कोरलेला पुरुष, चोला घातलेला, दोन हात जोडलेले. सगळ्या झऱ्यांवर असतात तसाच. मघरूसारखा अजिबात नाही. ते एक बरं झालं.

बसाख १

देवळाचं दार उघडलं. कलशात पाणी काठोकाठ होतं. लोकांनी जयजयकार केला. चांगलं साल म्हणे.

खालून माणसं परतली आहेत. कळप अजून दोन मुक्काम मागे आहे, पण होशियारा सणासाठी पुढे आला. विधी पाच तारखेला ठरला.

बसाख ३

होशियारा भेटायला आला तेव्हा मघरूचे बापू झऱ्यावर दगडाची जागा बघायला गेले होते. मी त्याला चहा दिला आणि लाल पदराची दोरी त्याच्यापुढे ठेवली.

‘ही कुणी बांधली?’

त्यानं कप खाली ठेवला. ‘वहिनी, मला शपथ घातलीय.’

‘माझ्या पोराच्या कमरेचा दोर आहे हा. मलाही शपथ आहे.’

त्यानं एकदा दाराकडे बघितलं. मग हलक्या आवाजात सांगितलं. मेंढी नव्हतीच. माथा ओलांडल्यावर मोजणी झाली तेव्हा एकच जनावर कमी होतं, लाखी. बर्फ सुरू झालं होतं. मघरू म्हणाला, मी आणतो. बापूंनी दंड धरला त्याचा. ‘मरू दे ती शेळी, मी देतो तिला दुसरी.’ मघरू हसला आणि म्हणाला, ‘दार उघडणार नाही ती.’ हात सोडवून पळाला.

‘दादा त्याच्यामागे रात्रभर होते, वहिनी. हाका मारत. बोटं त्यातच गेली. उजाडल्यावर एका कपारीत लाखी सापडली. पाय बांधलेला, अंगावर त्याचा पट्टू पांघरलेला. शेळीला आडोशाला ठेवून तो आम्हाला शोधायला निघाला असणार. पावलं कुठंच नव्हती, सगळं भरून गेलं होतं.’

मी दोरी उचलून हातात घेतली.

‘तिला तीन कोस उतारावर खांद्यावरून आणलं त्यांनी. मी म्हटलं, टाका आता, कशाला वाहता. तर म्हणाले, “घरी गेल्यावर ती पहिलं विचारेल, माझी आली का म्हणून. आली असं तरी मला म्हणता आलं पाहिजे.”’

चहावर साय धरली होती. त्यानं ती बोटानं बाजूला केली आणि प्यायला. उठताना म्हणाला, ‘माझ्याकडून कळलं असं सांगू नका.’

बसाख ४

उद्या सकाळी विधी आहे. जाऊबाई सकाळपासून बाबरू तळताहेत, घरभर तेलाचा वास आहे. चोल्यावर काळा डोरा गुंडाळून ठेवला. लाल पदर मधे घातला आहे, तोच जुना.

मघरूचे बापू अंगणात उन्हात बसले आहेत. करडू आता ओटीत मावत नाही, तरी बसतं. लाखी त्यांच्या पाठीला पाठ लावून रवंथ करते आहे. गावातला एकजण जाताना म्हणाला, ‘कांशी, उद्या मोकळा होशील बघ. पाठीवरचं ओझं उतरेल.’ ते नुसते मान हलवत राहिले. सात महिने सगळ्या गावाला तीच चार वाक्यं सांगत आले आहेत. उद्या तो चोला अंगावर चढला की ती वाक्यं जन्मभराची होतील. येणारा-जाणारा म्हणेल, हा बघा, यानं मेंढीपायी पोराला पाठवलं. ते मान हलवतील आणि मी त्यांच्या मागून पाण्याचा हंडा घेऊन चालेन, पोर गेलेली बिचारी आई म्हणून.

होशियारा गेल्यापासून मी एकच विचार करते आहे. चेल्यानं पोराला त्यांच्या पाठीवर पाहिलं, ते खरं असेल. पण तिथं तो आपण होऊन बसला नाही. यांनी उचलून घेतला, शेळी घेतली तसाच. त्याला यायचं होतं माझ्याकडे. तो माझ्या दारापाशी यायला निघाला होता.

चोला बाईनं घालायचा नसतो, हे मला माहीत आहे. डोरा तर नाहीच नाही. चेला कानांवर हात ठेवेल. जाऊबाई म्हणतील, हिचं डोकं फिरलं. आणि मी तो का मागते आहे हे सगळ्यांना सांगावं लागेल, झऱ्यावर, सगळ्या गावासमोर. त्यातलं काहीही मघरूचे बापू होऊ देणार नाहीत. मी तोंड उघडताच त्यांना कळेल की मला कळलं आहे, आणि ते आधी होशियाराला शिव्या घालतील आणि मग नाही म्हणतील. पहिलं सांगतील, मेंढीच होती. दुसरं सांगतील, मेंढीच होती. त्यांना वाचता येत नाही, म्हणून ही वही पुढं करून सुटता येणार नाही. तोंडानंच बोलावं लागेल. आणि लाखीशी बोलायचं नाही.

भाकरी झाली आहे. आज मी स्वतः थाळी घेऊन अंगणात जाते आहे. काय म्हणायचं ते इथं आधी लिहून घेते, म्हणजे तिथं गेल्यावर विसरणार नाही.

मघरूचे बापू, पोराचा चोला मला घालू द्या.